जास्तीचा पाव

कोठीवाल्याने कामावरचा खडू खिशात घालून घरी आणला, आणि तिथून सगळं बिघडत गेलं. आता बिघडायला खडू कशाला लागतो, बिघाड आधीच कुठेतरी सुरू झालेला असतो, हे त्यालाही कळतं. पण त्याला विचारलंत तर तो खडूचंच नाव घेतो. माणसाला बोट ठेवायला काहीतरी लागतंच ना.

एका मोठ्या दवाखान्याच्या स्वयंपाकघराची कोठी तो सांभाळायचा. कोठी म्हणजे स्वयंपाकघराच्या मागची लांबलचक खोली. खिडकी नाही, एकच जाड दार, आणि आत छतापर्यंत पोती, तेलाचे डबे, साखर, डाळी, मिठाच्या पिशव्या. आत शिरलं की आधी तागाचा वास यायचा आणि मग हळूहळू बाकीचे. किल्ली कायम त्याच्या कमरेला. स्वयंपाकघरातले सगळे त्याला कुलूपराव म्हणायचे, आणि तो चिडायचा नाही, उलट मिशीत हसायचा.

"कुलूपराव, उघडताय ना आज, का आजाऱ्यांना नुसतं पाणी पाजू?" मुख्य आचारी रोज सकाळी ओरडायचा. आडदांड माणूस, आवाज भोंग्यासारखा.

"ओरडू नका हो, मीठ घाबरून ओलं होतं," हा आतून म्हणायचा.

कोठीचा एकच नियम होता. जुनं आधी. आलेल्या प्रत्येक पोत्यावर खडूने तारीख घालायची, नवं मागे ढकलायचं, जुनं पुढे ओढायचं, आणि हात घालायचा तो पुढच्यालाच. कितीही घाई असू दे, मागच्याला हात लावायचा नाही. या एका नियमावर त्याने सगळी नोकरी काढली होती. त्याच्या कोठीत काही सडलं, काही किडलं, असं कधी झालं नाही. दुसरं काही मोठं त्याच्या नावावर नव्हतं, पण हे होतं, आणि त्याला ते पुरत होतं.

घरी बायको, एक कॉलेजात जाणारी लेक, आणि ताई.

ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आई लवकर गेली, वडील कामासाठी बाहेर बाहेर, तेव्हा ह्याला ताईनेच वाढवलं. लग्न केलं नाही तिने. कोणी विचारलं की म्हणायची, "ह्याचं नाक पुसता पुसता माझं वय निघून गेलं, आणि नाक तर अजून वाहतंय!" आणि स्वतःच खदखदून हसायची. हा चांगला मोठा मिशीवाला माणूस, पण ती हाक मारायची "धाकट्या" अशीच.

ताई पाव करायची. विकायला नाही, घरापुरते. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात एक जुना लोखंडी ओव्हन होता, दार नीट लागायचं नाही म्हणून ती त्याला स्टूल टेकवून ठेवायची. सकाळी उठून पीठ मळायचं, ओल्या फडक्याखाली झाकून ठेवायचं, ते फुगून आलं की गोळे करायचे. घरातल्या प्रत्येकाचे गोळे झाले की शेवटी परातीला चिकटलेलं खरवडून आणखी एक छोटा पाव. तो जास्तीचा. तो कोणाचाच नाही. तो फडक्यात गुंडाळून फळीवर ठेवायचा, कोणी आलं-गेलं तर. पोस्टमन येवो, शेजारीण येवो, वाट चुकलेला कोणी पत्ता विचारायला येवो. आणि कोणीच आलं नाही तर दुसऱ्या दिवशी चहात बुडवून घरच्यांनी खायचा. हे ती लहानपणापासून करायची. घरात खरंच खायला नव्हतं त्या दिवसांतही करायची. तेव्हा तो जास्तीचा पाव अंगठ्याएवढा असायचा, पण असायचा.

लहानपणी त्याने एकदा विचारलं होतं, आपल्यालाच पुरत नाही तर हा कशाला?

"अरे, फळीवर एक जास्तीचा आहे ना, मग आपल्याकडे आहे," ताई म्हणाली होती. "तोच नसला की मग घाबरायचं."

त्या दिवसांत ती स्वतःचा पाव अर्धा करून त्याच्या ताटात टाकायची. तू खा की, तो म्हणायचा. "भाजणाऱ्याचं पोट वासानेच भरतं," ती म्हणायची, आणि त्याने ते खरं मानलं होतं. पोरच होता. कितीतरी वर्षं तो मित्रांना सांगत फिरायचा की पाव भाजणाऱ्यांना भूकच लागत नाही.

मग भाव वाढायला लागले.

आधी टीव्हीवर. कुठेतरी लांब लढाई सुरू झाली, कुठेतरी पाऊसच पडला नाही, कुठल्या कुठल्या देशांनी गहू बाहेर पाठवायचा बंद केला, जहाजं बंदरात अडकली. बाकी लोक अशा बातम्या जेवता जेवता बघतात आणि चॅनेल बदलतात. कोठीवाल्याला तसं जमेना, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी ती बातमी त्याच्या दारात उतरायची. तेलवाल्याचा टेम्पो यायचा तो अर्धा रिकामा. पीठ पुरवणारा यायचा आणि पोती उतरवायच्या आधीच हात जोडायचा.

"साहेब, हा भाव फक्त आजचा. उद्याचं मला विचारू नका, मलाच माहीत नाही."

"अहो कालच तर वाढवलात!"

"मी कुठे वाढवला? जहाज अडकलंय तिकडे. तुम्ही जाऊन ढकला, मी लगेच कमी करतो."

मग वरून निरोप आला की आजाऱ्यांच्या ताटातला पाव आता पातळ कापायचा. मुख्य आचाऱ्याचं तोंडच उतरलं. "कुलूपराव, इतका पातळ कापतोय की पलीकडचं दिसतंय," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज खाली होता. आजाऱ्यांच्या नातेवाइकांना हे अजून माहीत नव्हतं. बाहेर रस्त्यावरच्या लोकांना माहीत नव्हतं. कोठीवाल्याला माहीत होतं, त्याला सगळ्यांच्या आधी कळत होतं, आणि तेच वाईट झालं. कारण ज्याला आधी कळतं त्याला वाटतं आपण आधी काहीतरी करायला हवं.

त्याने केलं. पगार झाला तसं एक पोतं पीठ घरी आणलं. मग दुसरं. मग तेलाचे डबे. ओव्हरटाइम करायचा आणि सगळे पैसे पोत्यांत घालायचा. पलंगाखाली पोती, दारामागे पोती, बायकोच्या शिलाई मशीनच्या खाली पाय ठेवायच्या जागी डबे. बायको घरी कपडे शिवायची, लोकांचे सैल-घट्ट करून द्यायची, तिला आता मशीनवर तिरकं बसावं लागायचं.

"अहो, मला एकच सांगा," ती म्हणाली, "वेढा पडलाय का आपल्याला?"

"तू हसू नको. तुला माहीत नाही काय येणार आहे ते."

"काय येणार आहे? आलं तरी बसायला कुठे जागा आहे त्याला?"

लेक तर सुटलीच होती. तिच्या कपाटातली पुस्तकं बाहेर आली आणि आत साखर गेली. ती मैत्रिणींना फोनवर सांगायची, "मी तेलाच्या डब्यावर बसून अभ्यास करते गं, परीक्षेत घसरले तर बाबांची चूक." बैठकीच्या खोलीत त्याने पोत्यांवर चादर टाकून सोफ्यासारखं केलं होतं. पाहुणे बसायचे, आणि उठले की पाठीला पीठ. ताई पण हसायची आधी. म्हणायची, "धाकट्याने घर नाही बांधलं पण किल्ला बांधला."

आणि मग तो खडू आला. इतका माल घरात, तर नीट लावायला नको? त्याने प्रत्येक पोत्यावर तारीख घातली, जुनं पुढे, नवं मागे, आणि सगळ्यांना बजावलं. "जुनं आधी. मागच्याला कोणी हात लावायचा नाही."

आता कोठीत हा नियम बरोबर होता, कारण तिथे शेकडो माणसं रोज जेवायची, आज आलेलं पोतं बघता बघता संपायचं. पण घरात खाणारी तोंडं चार! तो आणायचा जास्त, खायचे कमी. त्यामुळे झालं काय, की पुढचं पोतं संपेपर्यंत मागचं जुनं व्हायचं. ते पुढे आलं की तेही शिळं. घरात ताजं पीठ होतं, भरपूर होतं, आणि त्या घरात ताजं पीठ कोणी खाल्लंच नाही. एवढी अक्कल असलेला माणूस, सगळा जन्म कोठीत गेलेला, आणि हे त्याच्या लक्षात येऊ नये? आलं नाही. भीती डोक्यात बसली की बाकी सगळं तिला जागा करून देतं बहुतेक.

ताईचे पाव बसायला लागले. पीठ फुगेना. कडवट वास यायचा, आणि पाव दगडासारखे. ती परातीपुढे बसून राहायची, बोटाने पीठ दाबून बघायची.

"धाकट्या, एक मागचं पोतं फोडू दे ना. हे पीठ मेलंय."

"ताई, जुनं आधी."

"अरे पण कडू लागतंय."

"कडू लागतंय म्हणून टाकून द्यायचं? लोकांना तेही मिळत नाहीये."

तिने तेच पीठ परत मळायला घेतलं. लोकांना मिळत नाही म्हटलं की समोरचा काय बोलणार? आणि ह्याला तर ते वाक्य सापडल्यासारखंच झालं होतं, कुठेही लावायचा.

मग तो नळवाल्याचा दिवस.

स्वयंपाकघरातला नळ गळत होता, म्हणून दुरुस्त करायला माणूस आला होता. कोठीवाला कामावरून आला तेव्हा तो माणूस ओट्यापाशी खाली बसून पाव खात होता, आणि ताई त्याला चहा देत होती. आणि ओव्हनच्या बाजूला मागचं पोतं फोडलेलं. अगदी शेवटचं, कालच आणलेलं. पाव असा फुगला होता की बास, वरून तांबूस, सगळ्या घरभर वास. कितीतरी दिवसांनी तो वास आला होता. त्याच्याही तोंडाला पाणी सुटलं होतं, हे तो नंतर कबूल करायचा, पण तेव्हा नाही. तेव्हा त्याला फक्त फोडलेलं पोतं दिसलं.

"हे कोणी फोडलं?"

"मी," ताई म्हणाली. "आज तुझा वाढदिवस ना रे. म्हटलं आज तरी धड पाव होऊ दे."

वाढदिवस! त्याच्या लक्षातच नव्हतं. खरंतर इथेच थांबता आलं असतं. हसून खाली बसता आलं असतं, एक पाव हातात घेता आला असता. पण नळवाला तिथे बसलेला, त्याच्या हातात तो जास्तीचा पाव, आणि ह्याच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे.

"धर्मशाळा काढलीये का ताई? येईल त्याला वाटत सुटायचं?"

नळवाल्याने घास तसाच खाली ठेवला. "साहेब, मी मागितला नव्हता हो," असं काहीतरी पुटपुटला आणि पान्हे गोळा करायला लागला.

"अरे तो जास्तीचा आहे, धाकट्या. तो नेहमीच असतो."

"आता काही जास्तीचं नाहीये! कळत कसं नाही तुला? आणणारा मी एकटा आहे. मी कोणाला काही म्हणतो का? तू इतकी वर्षं इथे राहतेस, तू किती खातेस ते मी कधी मोजलंय?"

हे तो चांगल्या मनाने म्हणाला होता. म्हणजे त्याला वाटलं होतं की आपण मोठेपणा सांगतोय, बघ, मी तुझ्यासाठी हातचं राखून काही करत नाही. पण वाक्य तोंडातून गेलं. बायकोने मशीन थांबवली. ताईने हातातली किटली खाली ठेवली, आणि फडक्याने ओटा पुसायला लागली, जो आधीच पुसलेला होता.

"नाही मोजलंस," ती म्हणाली. "खरं आहे."

कोणी असं म्हटलं ना की मी तुझं खाणं मोजत नाही, की त्या क्षणापासून ज्याला म्हटलं तो मोजायला लागतो. ताई मोजायला लागली.

दुसऱ्या दिवसापासून फळीवर जास्तीचा पाव दिसला नाही. ताईने परात खरवडली आणि ते पीठ तसंच उद्यासाठी ठेवलं. लेकीने विचारलं, "आत्या, फळीवरचा कुठंय?" तर म्हणाली, "आता कोण येतंय गं आपल्याकडे." आणि खरंच, येणं कमी झालंच होतं लोकांचं.

मग संध्याकाळी जेवायला बसलं की ताई म्हणायची, "मला नको, पोट जड आहे." कधी म्हणायची, दुपारी जास्त झालं. कधी नुसता चहा घ्यायची. बायको आग्रह करायची, लेक ओरडायची. आणि कोठीवाला? तो ऐकायचा, आणि आत कुठेतरी, अगदी बारीक, त्याला बरं वाटायचं. हेच ते. बाकी सगळं तो सांगतो, हे सांगताना मान खाली जाते त्याची. बहीण जेवत नाही आणि ह्याला वाटायचं, चला, पोतं तेवढंच पुढे जाईल. लहानपणी ती म्हणायची वासाने पोट भरतं आणि ह्याने खरं मानलं. आता पोट जड आहे म्हणाली, तेही खरं मानलं. तेव्हा पोर होता. आता काय होता?

एका सकाळी ताई पिशवी भरून तयार होती.

"मावसबहिणीकडे जाऊन येते चार दिवस. कधीची बोलावतेय."

"जा की," तो म्हणाला. कामाची घाई होती, बूट सापडत नव्हता, तो एका डब्यामागे गेला होता. "पोचलीस की फोन कर."

"करते. धाकट्या, ओव्हनला स्टूल लावायला विसरू नको, दार उघडतं."

एवढंच. दारापर्यंतही गेला नाही तो. बूट शोधत होता.

चार दिवसांचे आठवडे झाले. फोन यायचे, ताई हसून बोलायची, इथे मजा आहे रे, येते पुढच्या आठवड्यात. पुढचा आठवडा यायचा आणि जायचा. घरात बेकरीचा पाव यायला लागला. ओव्हन गार, स्टूल तसंच टेकलेलं.

आणि मग एका रविवारी लेक किंचाळली. साखर काढायला तिने कपाट उघडलं तर मागच्या भिंतीवरून अळ्या चालल्या होत्या. पांढऱ्या, बारीक, ओळीने. त्याने पलंगाखालचं पोतं ओढलं, त्यात जाळ्या. दारामागचं ओढलं, जाळ्या. चादर काढली सोफ्याची, तर पोत्यांवरच्या खडूच्या तारखांवरून किडे फिरत होते. तेलाचा डबा उघडला, तो खवट. जुनं आधी, जुनं आधी करत करत सगळंच जुनं झालं होतं. त्याच्या कोठीत कधी काही किडलं नव्हतं, आणि त्याच्या घरात सगळं किडलं.

दिवसभर तो पोती बाहेर नेऊन टाकत होता. शेजारी गॅलरीतून बघत होते. एकाने विचारलंही, "अहो, इतकं होतं तुमच्याकडे?" आजाऱ्यांच्या ताटात पाव पलीकडचं दिसेल इतका पातळ, आणि हा कचऱ्याच्या गाडीत पीठ ओततोय. त्याच्या केसांत पीठ, भुवयांत पीठ, डोळ्यांतून पाणी आलं की त्याचा चिखल.

शेवटचं पोतं टाकून आला तेव्हा बायको मशीनपाशी बसली होती. पाय सरळ ठेवून, कितीतरी दिवसांनी. हातात ताईचा एक जुना झगा होता.

"एक सांगू का?" ती म्हणाली. "रागवू नका."

"आता काय रागवणार."

"हा ताईंचा. जायच्या आधी मी दोनदा आत घेतला. एकदा दोन्ही बाजूंनी शिवण घेतली, तरी सैल व्हायला लागला, मग परत. मला म्हणाल्या, सांगू नको त्याला, उगाच काळजी करेल."

त्याने झगा हातात घेतला. आतल्या बाजूला शिवणीच्या दोन रेघा होत्या, एकीच्या आत एक, आणि त्यांच्या बाहेर दुमडलेलं कापड. तेवढं कापड म्हणजे ताई. तेवढी ताई त्याच्या घरात, पोत्यांनी भरलेल्या घरात, त्याच्या डोळ्यांसमोर कमी झाली होती.

"तू तरी बोलायचंस," तो म्हणाला.

"बोलले होते," बायको म्हणाली. "तुम्ही म्हणालात, वयामुळे होतं तसं."

म्हणाला होता. आठवलं त्याला.

दुसऱ्या दिवशी त्याने सुट्टी टाकली. बाजारातून ताजं पीठ घेतलं, एकच पिशवी, आणि बसने मावसबहिणीच्या घरी गेला. घर म्हणजे गावाच्या टोकाला दोन खोल्या, त्यात मावसबहीण, तिचा ट्रक चालवणारा मुलगा, सून, त्यांची पोरं, आणि आता ताई. बाहेर दोऱ्यांवर इतके कपडे की दार शोधावं लागलं. आतून भांड्यांचा आवाज, कोणीतरी हसत होतं, आणि पावाचा वास. रस्त्यापासूनच येत होता तो वास.

ताई परातीपुढे बसली होती, कोपरापर्यंत पीठ. गाल भरले होते. त्याला बघून ओरडली, "अगं बाई, धाकट्या! आणि हे काय, केस का पिकले एकदम?"

"पीठ आहे ते. निघत नाहीये."

ती इतकी हसली की परात हलली. मावसबहीण म्हणाली, "ये रे बाबा, बस. जागा नाहीये पण बस." तो दोन पोरांच्या मधे बसला.

"ताई, घरी चल," तो म्हणाला. घोकून आला होता, पण सगळं एकदम तोंडात आलं. "सगळं टाकून दिलं. किडलं होतं. घर मोकळं आहे आता. तुझी खोली मोकळी आहे. तुला हवं ते पीठ, हवं तेव्हा फोड. तेव्हा मी जे बोललो ते..."

"अरे, मी कुठे रागवलेय?"

"मग चल ना."

ताईने हाताचं पीठ एका बोटाने दुसऱ्या बोटावरून काढलं.

"इथे मला भूक लागते रे," ती म्हणाली. "सकाळी उठले की लागते. तुझ्याकडे लागायचीच बंद झाली होती. म्हणजे मी आवरून धरायचे तसं नाही, आधी धरायचे, मग खरंच लागेना. आता परत त्या घरात घास उचलला ना, तर तुझं तोंड बघेन मी आधी. तू काही म्हणणार नाहीस, माहितेय मला. पण मी बघेन. सवय झालीये."

मी मोजणार नाही, हे तर त्याचं आधीच बोलून झालं होतं.

"येईन की अधूनमधून," ती म्हणाली. "चार दिवस."

पाव झाले. ओव्हनमधून काढल्या काढल्या पोरांनी हात घातले, ताईने त्यांच्या हातांवर फडकं मारलं, तरी ते घेऊन पळालेच. पाव लहान होते, ताईच्या पूर्वीच्या पावांच्या निम्मे. "महाग झालंय ना सगळं," मावसबहीण म्हणाली, "म्हणून लहान केले हिने. पण सगळ्यांना होतात." त्याने आणलेली पिशवी ताईने तिथेच फोडली आणि अर्ध्या भरलेल्या डब्यात, जुन्या पिठावर, सरळ ओतून दिली. त्याच्या जिभेच्या टोकावर आलं होतं, ताई, जुनं आधी. त्याने जीभ चावली. ताईने बघितलं आणि ओळखलं, आणि दोघंही हसले, आणि ते हसू अर्ध्यातच संपलं.

"थांब, तू काही खाल्लं नाहीस," ती उठली. परातीत काही नव्हतं, ताटात काही नव्हतं. तिने फळीवर हात घातला आणि फडक्यात गुंडाळलेला एक छोटा पाव काढला.

"मावशी," सून म्हणाली, "तो कोणी आलं-गेलं तर ठेवलाय ना?"

"हो मग," ताई म्हणाली. "हा आलाय ना."

तिने सहज म्हटलं, मनात काहीच नव्हतं तिच्या. पाव त्याच्या हातात ठेवला आणि चहाला आधण ठेवायला वळली. तो पाव अजून गरम होता. लहानपणी कितीतरी वेळा तो पाव त्याने दुसऱ्याला देताना बघितला होता, पोस्टमनला, वाट चुकलेल्यांना, आणि त्याला तो असा ताजा कधी मिळाला नव्हता, कारण तो घरचा होता.

त्याने तो खाल्ला. सगळा खाल्ला, फडक्यावर पडलेले कण बोटाने टिपून खाल्ले. गोड होता, ताज्या पिठाचा होता.

परत आला तेव्हा अंधार पडायला लागला होता. बायकोने दार उघडलं, त्याच्या मागे बघितलं, जिन्यात बघितलं.

"ताई?"

"बरी आहे," तो म्हणाला, आणि बूट काढायला खाली बसला. लेस सोडवत राहिला, ती सुटली होती तरी. "जेवते आता."